सोळाशे मीटरांची देशभक्ती

परभणीच्या वसमत रस्त्याला पहाटे साडेचारला उभे राहावे. अंधारात आधी पावलांचा आवाज येतो, मग श्वासांचा, आणि मग वीस-पंचवीस पोरांचा थवा अंगावरून वाऱ्यासारखा निघून जातो. कोणाच्या पायांत नवे बूट, कोणाच्या पायांत थोरल्या भावाचे जुने, एखादा सरळ अनवाणी. मागून मोटारसायकलवर त्यांचे ‘सर’ शिट्टी फुंकीत येतात. थवा गेल्यावर शंभर-दीडशे पावलांच्या अंतराने एकटाच एक पोरगा येतो. त्याने एक हात बरगडीवर दाबून धरलेला असतो. शिट्टी त्याच्यासाठीच असते.

ही पोरे भरतीची तयारी करीत असतात. परभणीतच कशाला, सेलू, मानवत, पाथरी, जिंतूर, गंगाखेड, कोणत्याही गावाबाहेर हेच दृश्य. ज्या जिल्ह्यात घराची चूल कापसाच्या आणि सोयाबीनच्या भावावर पेटते किंवा विझते, तिथे खाकी किंवा निळ्या कपड्याची ओढ मुलांना वाटली तर त्यात नवल कसले? मी त्यांना हसत नाही. चाळीस वर्षांपूर्वी जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यातून मीही असाच बाहेर पडलो, हवाई दलात गेलो, वीस वर्षांहून अधिक काळ विमानांच्या सांगाड्याचा फिटर म्हणून हात काळे केले आणि पेन्शन घेऊन परत परभणीला आलो. तेव्हा मी जे लिहिणार आहे ते बाहेरच्याने घातलेले नाक नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.

लिहिण्याचे निमित्त असे घडले. यंदा पंधरा ऑगस्टला एका भरती-अकादमीने मला पाहुणा म्हणून बोलावले. मंडपावर भला मोठा फलक होता: ‘जोश, जुनून, जज्बा’. चालकांनी मला बाजूला घेऊन प्रेमाने सांगितले, “काका, लांबड नको. जोशाचे दोन शब्द बोला. पोरं पेटली पाहिजेत.” मी उठलो आणि पोरांना धावपट्टी झाडण्याची गोष्ट सांगितली, मग पाना हरवल्याची सांगितली, मग म्हटले की रोज एक तास कमी पळा आणि तो तास गणिताला द्या. टाळ्या पडल्या, पण त्या श्रीफळ आणि शालीसाठी पडाव्यात तशा. चहाच्या वेळी चालक म्हणाले, “काका, झाडू कामून सांगितला? पोरं खचतात.”

पोरे खचतात! गेले दोन महिने हे दोन शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीत. चकली-चिवड्याच्या सोबतीने हा अंक ज्या घरांत वाचला जाईल, त्यांतल्या आईबापांपुढे मी आता माझे म्हणणे मांडतो. त्यांनी न्याय करावा.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की आपल्याकडे ‘तयारी’ या शब्दाचा अर्थच नासला आहे. तयारी म्हणजे घाम, आरोळी, छाती आणि घड्याळ, असे आपण पोरांना शिकवतो. लष्करी विमानतळावर राहून आलेल्या माणसाला हे ऐकून हसावे की रडावे कळत नाही. कारण तिथे तयारी म्हणजे यातले जवळजवळ काहीच नसते.

धावण्याचेच आधी संपवून टाकू. हवाई दलात अग्निवीरवायू म्हणून जाऊ इच्छिणाऱ्या मुलाला १.६ किलोमीटर सात मिनिटांत पळावे लागते; त्याशिवाय दहा जोर, दहा उठक्या, वीस बैठका. शेतात राबलेल्या, पोटभर जेवणाऱ्या मुलाला दोन-तीन महिन्यांच्या सवयीने हे जमण्यासारखे आहे. आणि हे केव्हा? लेखी परीक्षा पार केल्यावर! आधी इंग्रजी, गणित, पदार्थविज्ञान. चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा. त्या चाळणीतून जो खाली उतरेल त्यालाच मैदानावर बोलावणे येते. म्हणजे आमची पोरे ज्या दाराशी धडका देत आहेत ते दुसरे दार आहे, पहिले दार त्यांनी अजून पाहिलेलेही नाही. अकादमीच्या फलकावर मात्र पळणाऱ्या माणसाचे चित्र असते. त्रिकोणमितीचे चित्र काढून कोण फी भरणार?

पण परीक्षेपुरती ही गोष्ट असती तर मी दिवाळी अंकाची पाने खाल्ली नसती. मुद्दा त्याहून खोल आहे, आणि तो समजण्यासाठी तुम्हाला माझ्याबरोबर तळाच्या फाटकातून आत यावे लागेल.

पुण्याचे लोहगाव आपल्यापैकी पुष्कळांनी बाहेरून पाहिले आहे. १९३९ साली, मुंबईच्या संरक्षणासाठी म्हणून इंग्रजांनी तो तळ उभारला. १९८७ साली मिग-२९ विमाने भारतात आली ती तिथेच. १९९७ साली पहिली सुखोई-३० आली तीही तिथेच. ओझरच्या कारखान्यात पुढे जी सुखोई बांधली गेली तिचे दोन ताफे तिथे नांदतात. रस्त्यावरून जाताना कानठळ्या बसवीत एखादे विमान उभे चढते आणि रिक्षावाल्यापासून शाळकरी पोरापर्यंत सगळ्यांच्या माना वर जातात. माझा राग त्या मानांवर नाही. माझा राग एवढाच, की विमान दिसेनासे झाल्यावर त्या माना पुन्हा खाली येतात आणि कोणालाही असा प्रश्न पडत नाही की हे वर गेले कसे?

ते वर जाते त्याच्या कितीतरी आधी, उजाडता उजाडता, एअरमनांची एक ओळ विमाने उभी राहतात त्या फरशीवर खांद्याला खांदा लावून उभी राहते. हातात पिशव्या, माना खाली. आणि ती ओळ सावकाश चालू लागते. खडा दिसला, उचलला. खिळा, वायसरचे चकते, तारेचा तुकडा, बुटाच्या टाचेतून निघालेले रबर, उचलले. याला तळावर ‘फॉड वॉक’ म्हणतात. जेट विमानाचे इंजिन पुढून हवा इतक्या जोराने ओढते की हरभऱ्याएवढा खडादेखील आत जाऊन पाती मोडू शकतो. एक पाते मोडले की ते पुढच्याला मोडते. कोट्यवधींचे यंत्र आणि आतला माणूस, दोन्ही त्या हरभऱ्याच्या हवाली! झाडणारी यंत्रे आहेत, नाही असे नाही. पण यंत्र गेल्यावरही माणूस जातो, कारण यंत्राला शंका येत नाही.

मी सुरुवातीला या कामाला वैतागलो होतो, हे कबूल करतो. आम्ही इथे लढायला आलो की खडे वेचायला? घरी पत्रात तर मी हे कधी लिहिलेच नाही. वडिलांना वाटे, पोरगा विमानाजवळ असतो. होतोच की जवळ. वाकून!

दुसरे दृश्य हत्यारांच्या फळ्याचे. प्रत्येक पान्याला, पकडीला, पेचकसाला त्याच्याच आकाराची रंगवलेली जागा असते. काम संपले की प्रत्येक वस्तू आपल्या सावलीवर परत गेली पाहिजे. एक सावली रिकामी राहिली, तर विमान उडत नाही. वर मग स्क्वाड्रन थांबलेले असो की कोणी मोठा पाहुणा प्रदर्शन पाहायला आलेला असो.

माझ्या हातून एकदा ती सावली रिकामी राहिली. तळाचे नाव सांगत नाही. राजस्थानातला मे महिना होता. विमानाच्या पत्र्याला उघडा हात लागला तर कातडी सोलून यावी असे ऊन. मिग-२१ च्या पोटात डोके घालून मी दुपारभर काम केले आणि संध्याकाळी फळ्यासमोर उभा राहिलो तर आठ-दहाचा पाना नाही. खिसे उलटे केले, पिशवी झटकली. नाही. आता मी जे सांगतो ते नीट ऐका. मी त्या क्षणी धावत जाऊन सांगितले नाही. अर्धा तास मी गप्प राहिलो. मनात हिशेब चालू होता: असेल कुठेतरी फरशीवर, सापडेल उद्या, शेजारच्या गटाचा पाना आणून सावलीवर लावला तर? वाचकहो, त्या अर्ध्या तासात मी पूर्णपणे तंदुरुस्त होतो. मी आठवड्यापूर्वीच्या शर्यतीत दुसरा आलेला होतो. माझ्या छातीत जोशही भरपूर होता. आणि त्या अर्ध्या तासाइतका निकामी सैनिक मी पुन्हा कधी झालो नाही.

शेवटी सांगितले. आमचे ज्युनिअर वॉरंट ऑफिसर केरळचे होते. माणूस कमी बोलणारा. त्यांनी घड्याळाकडे पाहिले, विमानावर लाल फडके टाकले, आणि सगळ्यांना परत बोलावले. जेवण राहिले. एकामागून एक झाकणे उघडली. रात्री दोनच्या सुमाराला विजेरीच्या उजेडात पाना दिसला: मागच्या भागात, शेपटीचे नियंत्रण जिथून जाते त्या दांड्याला टेकून बसला होता. वैमानिकाने काठी एका बाजूला ओढली असती आणि ती परत आली नसती, इतकेच. साहेबांनी पाना हातात घेतला, माझ्याकडे पाहून “अच्छा किया, बता दिया” म्हणाले आणि झोपायला गेले. शिक्षा झाली ती अशी, की महिनाभर रोज सकाळ-संध्याकाळ मी सगळे फळे मोजायचे आणि वहीत सही करायची.

त्या सहीविषयीही एक शब्द लिहितो, कारण बाहेर कोणी लिहीत नाही. प्रत्येक विमानाची एक वही असते. तळावर तिला फॉर्म सातशे म्हणतात. ज्याने चाक तपासले त्याने सही करायची, ज्याने इंधन भरले त्याने सही करायची, ज्याने दारूगोळा लावला त्याने. शेवटी वैमानिक ती वही वाचतो आणि सही करून विमान ताब्यात घेतो. तो पेच मोजायला पुन्हा पोटात शिरत नाही. त्याने आपला जीव त्या सह्यांवर ठेवलेला असतो. परभणी जिल्ह्यातल्या दहावी-बारावी झालेल्या पोराची सही आणि तिच्यावर विसंबून आभाळात जाणारा माणूस: याहून मोठा मान मला आयुष्यात मिळाला नाही. आणि या सहीची तयारी कोणती अकादमी करून घेते, ते मला कोणी दाखवावे.

आता तंदुरुस्तीकडे वळू. लढाऊ वैमानिकाला साधी सर्दी झाली तर त्याला विमानात बसू देत नाहीत. नाक चोंदलेले असताना वर-खाली झपाट्याने गेले की कानाच्या पडद्यावर दाब येतो, चक्कर येते, आणि सुखोईसारख्या विमानात वळण घेताना शरीराला स्वतःच्या वजनाच्या आठ-नऊपट भार सोसावा लागतो. म्हणून वैमानिकाने सकाळी डॉक्टरला सांगायचे, “आज मी ठीक नाही.” मनाने औषध घ्यायचे नाही. झोप झाली नसेल तर तेही सांगायचे. आदल्या रात्री पिणे तर दूरच. म्हणजे जगातल्या अत्यंत धाडसी धंद्यात पहिला धडा कोणता? आपले दुखणे लपवू नये! आणि वसमत रस्त्यावर पहिला धडा कोणता? पिंढरीत कळ आली तरी थांबू नये, ताप असला तरी सांगू नये, गोळी खाऊन पळावे, शिट्टीला घाबरावे. पोलीस भरतीच्या मैदानांवर पोरे कोसळल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो, हळहळतो, पान उलटतो. दुसऱ्या दिवशी पहाटे शिट्टी वाजतेच.

तळावरचा सगळ्यात अवघड प्रकार मात्र कामाचा नव्हे, वाट पाहण्याचा. धावपट्टीच्या टोकाला शस्त्रे लावलेली विमाने उभी असतात. शेजारच्या खोलीत वैमानिक पूर्ण पोषाखात बसलेले, बाहेर आम्ही. घंटा वाजली की काही मिनिटांत विमान हवेत पाहिजे. आणि घंटा वाजत नाही. एक दिवस वाजत नाही, एक महिना वाजत नाही. चहा होतो, कॅरम होतो, बुद्धिबळाचा तोच डाव पुन्हा होतो, आणि दर पाळीला तेच चाक, तोच दाब, तीच तार पुन्हा तपासायची, काल तपासली होती तरी. जोश असल्या ठिकाणी चार दिवस टिकत नाही. पाचव्या दिवशी पेटलेले पोर विझते आणि तपासणी न करता सही ठोकते. टिकते ती सवय. आमच्या घरात आजी रोज रात्री झोपण्यापूर्वी गोठ्याची कडी ओढून पाहत असे. लागलेली असली तरी ओढून पाहत असे. तिला कोणी जज्बा शिकवला नव्हता.

तळावरच्या घरांतल्या बायकांचे एक राहिले. क्वार्टरमध्ये राहणारी माझी पत्नी स्वयंपाक करता करता आवाजावरून विमाने मोजायची. गेली चार. तासाभराने कान पुन्हा बाहेर. आली चार, मग पोळी तव्यावर टाकायची. मी फिटर, वर जाणारा मी नव्हे, तरीही मोजायची. मी एकदा विचारले तर म्हणाली, “तुमच्या सहीवर गेलेत ना ते?”

कोणी म्हणेल, हे सगळे शांततेतले लाड. लढाईत जोशच लागतो. ठीक. लढाईचेच दाखले घेऊ.

६ सप्टेंबर १९६५ च्या संध्याकाळी पाकिस्तानी सेबर विमाने पठाणकोटवर आली. हवेत आपली गस्त नव्हती. काही मिनिटांत आपली दहाच्या आसपास विमाने जमिनीवर उभी असतानाच जळाली. त्या तळावर शूर माणसांची वाण होती काय? मुळीच नव्हती. पुढे सहा वर्षांनी, ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी, पाकिस्तानने पुन्हा तोच डाव टाकला आणि पठाणकोट, अमृतसर, श्रीनगर अशा कितीतरी तळांवर एकदम हल्ला केला. या खेपेला हाती फारसे काही लागले नाही. आपली माणसे सहा वर्षांत अधिक शूर झाली होती म्हणून नव्हे. मधल्या काळात विमानांसाठी काँक्रीटची घरे बांधली होती, विमाने पांगवून ठेवण्याची शिस्त लागली होती. जोश दोन्ही संध्याकाळी सारखाच होता. फरक सिमेंटचा होता, आणि ते सिमेंट ओतायला लावणाऱ्या कंटाळवाण्या बैठकांचा होता.

त्याच डिसेंबरात भूजची धावपट्टी बाँबनी फोडली. तळाचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक, आपले मराठी गृहस्थ. मजूर पुरेनात. शेजारच्या माधापर गावच्या सुमारे ३०० बाया पुढे आल्या आणि त्यांनी ७२ तासांत ती धावपट्टी पुन्हा विमाने चढण्याजोगी केली. भोंगा वाजला की झुडपांत लपायचे, थांबला की पुन्हा दगड-मातीला लागायचे. वरून दिसू नये म्हणून शेणाचा सडा घातला. मी दिवाळीच्या दिवसांत अंगणात सडा घालणाऱ्या प्रत्येक माउलीला हे सांगतो आणि तिला ते खोटे वाटते! या गोष्टीवर २०२१ साली सिनेमाही निघाला, आणि सिनेमा म्हटला की जोश आलाच. पण त्या बायांच्या सोळाशे मीटरांची वेळ कोणी घेतली होती? त्यांच्यापाशी होती ती हातांची सवय, सांगितलेले नेमके करण्याची सवय, आणि थांब म्हटले की थांबण्याची.

आपल्या परभणीवरही लोहगावचे जुने देणे आहे, ते आम्ही विसरतो. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत निजामाची राजवट संपली आणि मराठवाडा मोकळा झाला. त्या कारवाईला हवेतून साथ देण्यासाठी पुण्याच्या तळावर टेम्पेस्ट विमानांचे दोन ताफे सज्ज ठेवले होते. दर १७ सप्टेंबरला आम्ही झेंडा लावतो, हुतात्म्यांना वंदन करतो, ते योग्यच. पण त्या विमानांचे पंखे ज्यांनी रात्री कंदिलाच्या उजेडात पुसले असतील, तेलाने माखलेल्या त्या माणसांसाठी कोणी फुलाची पाकळी वाहिलेली मी पाहिली नाही.

आता थोडे कडू बोलतो. गेल्या वीस वर्षांत परभणी-नांदेडकडची कितीतरी कुटुंबे पुण्यात गेली आणि वाघोली, लोहगाव, विश्रांतवाडी भागांत राहिली. माझा पुतण्याही तिथेच आहे. घरावर तिरंगा, गाडीवर तिरंगा, फोनवर लढाऊ विमानाचे चित्र. मागच्या दिवाळीत मी त्याच्याकडे गेलो. रात्री जेवणानंतर उरलेले अन्न, मटणाची हाडे, सगळे एका पिशवीत बांधून तो मोकळ्या जागेवर टाकून आला. तिथे आधीच ढीग होता. सकाळी त्या ढिगावर घारी उतरल्या.

“काका, इथं सगळेच टाकतात,” तो म्हणाला.

मी त्याला गॅलरीत नेले. वर घारी गोल फिरत होत्या आणि पलीकडे विमानतळ. लोहगावची धावपट्टी एकच. तिच्यावरून लढाऊ विमानेही चढतात आणि तुमच्या-आमच्या मुलांना दिल्ली-बंगळुराला नेणारी प्रवासी विमानेही. दीड-दोन किलोची घार वेगात येणाऱ्या विमानावर आदळली तर काय होते, हे ज्याने फाटलेला पत्रा हाताने सरळ केला आहे त्याला विचारावे. विमानतळाभोवती दहा किलोमीटरांच्या आत उघड्यावर कचरा टाकू नये, जनावरे कापू नयेत, असा नियम १९३७ च्या विमान नियमावलीत लिहून ठेवला गेला. खडे वेचणारी एअरमनांची ओळ पहाटे धावपट्टीकडे निघते, त्याच वेळी भिंतीच्या अलीकडे आमच्या देशभक्तांच्या पिशव्या पडत असतात.

आणि त्याच रात्री त्याच्या इमारतीच्या गच्चीवरून पोरांनी पेटते कागदी कंदील आभाळात सोडले. आपला आकाशकंदील दाराला टांगायचा असतो, बाबांनो! तो घराची वाट दाखवतो. हे पेटते बोळे वाऱ्याने कुठे जातील याचा ठाव नाही, म्हणून तर पोलिसांना दरसाल मनाईहुकूम काढावे लागतात. पुतण्याला रागावलो तर सूनबाई मध्ये पडल्या, “राहू द्या काका, सणासुदीचं पोरांना कशाला बोलता?” मी गप्प बसलो. ते चुकलेच माझे.

मे २०२५ मध्ये सीमेवर गोळाबार चालू असताना दूरचित्रवाणीच्या वाहिन्या बातम्यांमागे हवाई हल्ल्याचा भोंगा वाजवीत होत्या. शेवटी सरकारला सांगावे लागले की असे करू नका. लोकांना खरा भोंगा ओळखू येणार नाही. आमच्या चौकातल्या चहाच्या टपरीवर त्या चार दिवसांत जेवढे सेनापती तयार झाले तेवढे कोणत्याही प्रबोधिनीतून झाले नसतील. त्यांपैकी एकालाही मी विचारले नाही, की बाबा, भोंगा खरोखर वाजला तर तू कोणत्या खोलीत जाशील, घरातला दिवा कोण मालवील, म्हाताऱ्या आईला कोण उचलील? विचारले असते तर म्हणाले असते, काका, खचवू नका.

अकादमीवाल्यांची बाजूही सांगितली पाहिजे. त्यांतले पुष्कळ स्वतः भरतीत पडलेले, वय उलटलेले तरुण आहेत. त्यांना जे मोजता येते ते ते मोजतात. घड्याळ स्वस्त आहे, गणिताचा चांगला शिक्षक महाग आहे. आणि आईबापांना पळणारा पोरगा दिसतो, विचार करणारा दिसत नाही. खाटेवर पुस्तक घेऊन पडलेल्या पोराला आपण ‘ऊठ, काहीतरी कर’ असेच म्हणतो ना? शिवाय १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली तेव्हापासून घाई वाढली आहे. साडेसतरा ते एकवीस हे वय, चार वर्षांची नोकरी, त्यानंतर चारांतला फार तर एक कायम. योजना बरी की वाईट, यावर भांडायला मला दुसरा अंक लागेल. पण चार वर्षांनी जी तीन पोरे गावी परततील, ती काय घेऊन परततील? हाताशी आलेली रक्कम बहिणीच्या लग्नात आणि घराच्या स्लॅबमध्ये जाईल. पळण्याचा वेग तर पंचविशीनंतर कोणाचाच राहत नाही. मोजून ठेवण्याची, लिहून ठेवण्याची, चूक झाली तर त्याच संध्याकाळी सांगण्याची सवय घेऊन आली, तर ती ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानात, दवाखान्यात, वीज मंडळात, कुठेही पोट भरतील.

आणि तोच उलटा विचार मला रात्री जागवतो. आज बेळगावजवळ सांब्र्याला जी पोरे हवाई दलाचे पहिले शिक्षण घेत आहेत, त्यांत आपल्याकडचीही असतील. शिट्टीला घाबरून दुखणे लपवायला शिकलेला एखादा पोरगा तिथून पुढे विमानापर्यंत पोचला, त्याचा पाना हरवला, आणि त्याचा तो अर्धा तास संपलाच नाही, तर?

सप्टेंबर २०२५ मध्ये चंदीगडला मिग-२१ विमानांना निरोप दिला. मी इथे घरात बसून तो सोहळा पाहिला. १९६३ पासूनचे विमान. त्याच्या पोटात मी तरुणपण घालवले. ते शेवटचे उतरले तेव्हा नातवंडे टाळ्या वाजवीत होती आणि मी, सवयीने, धावपट्टीच्या कडेला कोण उभे आहे ते पाहत होतो. होते ते. कानांवर आवाजरोधक लावलेले, हात मागे बांधलेले.

अकादमीने मला पुन्हा बोलावलेले नाही, आणि यापुढे बोलावतील असेही नाही. पण त्या पहाटेचा, थव्यामागून येणारा, बरगडी धरलेला पोरगा दसऱ्याच्या आधी माझ्या ओट्यावर आला. बाप पालमकडे दुसऱ्याची शेती करतो. म्हणाला, “काका, नडगीत लई कळ येती. सरला सांगितलं तर नाव काढतील.”

“मग सांगितलंस का?”

“काल सांगितलं.”

“आणि?”

“काढलं.”

मी त्याला डॉक्टरांकडे नेले. हाडाला सूज आहे, तीन आठवडे पळायचे नाही, असे ते म्हणाले. आता तो रोज संध्याकाळी सहाला येतो. त्याची वही मी पाहिली. बेरजा चुकतात, पण खोडलेले दिसू देतो, कागद फाडीत नाही. काल घर्षणाच्या गणितावर अडला होता. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सुट्टी देऊ का विचारले, तर म्हणाला, सकाळी येऊन जाईन.